सतराव्या हीटवरची माझी सही

गव्हाच्या बिअरचा तो ग्लास नाकाशी नेला आणि त्याच क्षणी मला कळलं, चूक कोणाची आहे ते. हे आधीच सांगून टाकतो. त्या रविवारी हेच सांगायला मला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात मी एका भल्या माणसाला त्याच्या बायकोवर ओरडू दिलं.

हा भला माणूस म्हणजे आमचे भाऊ. नात्यानं माझे कोणी नाहीत. पोलादाच्या प्लांटमध्ये ते इन्स्ट्रुमेंटेशनला, मी रोलिंगला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील वर्ध्याकडचे, माझे भंडाऱ्याकडचे. दोघेही भरतीच्या काळात इकडे हिंदी मुलखात आले आणि इकडचेच झाले. भाऊ शहरातल्या जुनवानीत राहतात, मी कोहक्यात. चार वर्षांपूर्वी ते मुलाकडे बंगळूरला गेले होते, तिथं कोणीतरी घरच्या घरी बिअर करताना त्यांनी पाहिलं, आणि परत आले ते एक थर्मामीटर, दोन झाकणाच्या बादल्या आणि वेड घेऊन. ते वेड मला त्यांच्यामुळेच लागलं. कायदा याबद्दल नेमकं काय म्हणतो ते आम्ही दोघांनीही कधी नीट वाचलेलं नाही. विकत नाही, घरीच पितो, एवढ्यावर मी मनाची समजूत घालत आलोय.

मनाची समजूत घालण्यात माझा बराच वेळ जातो. मी बौद्ध आहे. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जातो, सगळ्यांबरोबर पंचशील म्हणतो, आणि पाचवं शील आलं, मद्य न घेण्याचं, की माझा आवाज आपोआप बारीक होतो. शेजारी बसलेल्या मंडळींना ते कळत असावं असं मला नेहमी वाटतं. चार वर्षं मी धरून चाललो होतो की माझं जे काही बिघडलंय ते तिथं, पाचव्यापाशी. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी खणखणीत म्हणायचो.

आता भाऊंची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादाला आमच्याकडे हीट म्हणतात. प्रत्येक हीटला नंबर असतो, आणि तिचा नमुना लॅबमधून पास होऊन आल्याशिवाय ती पुढं सरकत नाही. भाऊंनी हीच पद्धत आपल्या स्वयंपाकघरामागच्या पडवीत आणली. त्यांची प्रत्येक बिअर म्हणजे एक हीट. तिच्यासाठी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, त्यात तारीख, तापमान, काय कधी घातलं, किती घातलं, आणि शेवटी दोन रकाने: करणाऱ्याची सही आणि चाखणाऱ्याची सही. करणाऱ्यानं आपली बिअर आपणच पास करायची नाही. चाखणाऱ्यानं आधी चाखायची, एक शब्द न बोलता शेरा लिहायचा, सही करायची, आणि त्यानंतरच करणाऱ्यानं ग्लास तोंडाला लावायचा. "ज्यानं बनवलं त्याले खराबी दिसतच नाही," हे भाऊंचं ठाम मत. त्यांची बिअर मी चाखायची, माझी त्यांनी. माझ्या अकरा हीटपैकी सातांवर त्यांनी 'रिजेक्ट' लिहिलंय, कारणासकट. एकदा कारण म्हणून नुसतं लिहिलं होतं: घाई.

मी चिडायचो. माणूस हौसेनं बिअर करतो, ती पिऊन दोन बऱ्या गोष्टी बोलाव्यात, तर हा पेन उघडून बसतो. पण चिडून घरी आलो की आठवायचं, घाई केलीच होती.

मार्चमध्ये भाऊंनी सतरावी हीट काढायची ठरवली. ही साधी नव्हती. एप्रिलच्या तीस तारखेला ते रिटायर होणार होते. सेक्शनमधली दहा माणसं गेली चार वर्षं त्यांची चेष्टा करत होती. "क्या दादा, घर में भट्टी लगाई है, कभी पिलाओगे भी कि अकेले ही पीओगे?" भाऊ म्हणायचे, रिटायरमेंटला पाजीन. आता तो दिवस आला होता, आणि त्यांना करायची होती गव्हाची बिअर, हलकी, ढगाळ रंगाची, पण हॉप्स भरपूर घातलेली. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं. आपल्याकडे येतात ती दाबून केलेल्या बारीक हिरव्या गोळ्यांच्या रूपात, गुरांच्या खाद्यासारखी. बिअरला कडवटपणा आणि सुगंध त्यांनीच येतो. भाऊंना हव्या असलेल्या जातीला संत्र्याच्या सालीचा वास असतो. पण दुकानदाराकडचा माल संपला होता. भाऊंचा मला फोन आला. नाक पार चोंदलेलं, शब्द धड फुटत नव्हते.

"तुह्याजवळ आहे का रे थोडे?"

माझ्याकडे दोन पाकिटं होती. एक फेब्रुवारीत मागवलेलं, अजून न फोडलेलं, फ्रीजरमध्ये अगदी आत ठेवलेलं. दुसरं अर्धं, मागच्या उन्हाळ्यातलं. त्या उन्हाळ्यात आम्ही लग्नाला नागपूरला गेलो तेव्हा बायकोनं शहाणपणानं फ्रिज बंद करून दार उघडं ठेवलं होतं, आणि ते पाकीट बंद घरात मे महिन्याचे दहा दिवस शिजलं होतं. भाऊंचा फोन ठेवल्यावर मी ते उघडून वास घेतला. आठ तासांच्या शिफ्टनंतर सेफ्टी शूज काढल्यावर मोज्याला येतो तो वास.

तेच मी नव्या पिशवीत भरलं आणि त्यांना नेऊन दिलं. त्यांनी रजिस्टर उघडून विचारलं, "कधीचे आहे?" त्यांच्या हातात पेन नसतं तर कदाचित मी काही पुटपुटून वेळ मारून नेली असती. पेन पाहून तोंडातून निघालं, "फेब्रुवारीतलेच, भाऊ. ताजे." त्यांनी ते लिहिलं. नाक चोंदलेलं असल्यामुळे त्यांना वास आला नाही. त्यांना वास येणार नाही हे मला फोनवरच कळलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर बरेच दिवस मी ते स्वतःपासूनही लपवत होतो. उकळताना वास उडून जाईल असंही मी स्वतःला सांगितलं होतं. पण भाऊ अर्ध्याहून जास्त हॉप्स उकळल्यानंतर, थंड बिअरमध्ये घालणार होते. तेही मला माहीत होतं.

चांगलं पाकीट माझ्या बाराव्या हीटसाठी राखून ठेवलं होतं. ती हीट मी तोवर काढलेली नव्हती.

तीन आठवड्यांनी, रविवारी, विहारातून बाहेर पडतो तोच भाऊंचा फोन. "ये. सतरावी तयार आहे." अंगात पांढरा शर्ट तसाच, मी सरळ जुनवानीला गेलो. अकरा वाजले होते आणि रस्ता आधीच तव्यासारखा तापला होता.

"बस. तोंडात काही खाल्लेलं नाही न?"

"विहारात खीर खाल्ली, भाऊ."

"खीर!" त्यांनी कपाळावर हात मारला. "चाखायच्या दिवशी खीर! अवं, याले कोमट पाणी आण वं. गुळण्या करू दे."

वहिनी पाणी घेऊन आल्या. "चहा ठेवू का, भाऊजी?"

"चहा नाही! जीभ मरते त्यानं," भाऊच ओरडले.

मी अंगणात जाऊन गुळण्या केल्या. पन्नाशीचा माणूस, पांढऱ्या शर्टात, दुसऱ्याच्या अंगणात गुळण्या करतोय. भाऊंनी तोवर ग्लास तिसऱ्यांदा धुतला होता. बाटली उघडली, तिरपी धरून ओतली, शेवटची थोडी बाटलीतच घुसळून मग वरून घातली. मी हात पुढे केला.

"थांब. आधी रंग पाय. मग फेस. मग वास. मग घोट. सांगून सांगून थकलो मी."

रंग सुंदर होता. ताकात चिमूटभर हळद कालवल्यासारखा. फेस दोन बोटं उंच आणि बसायचं नाव घेत नव्हता. चार वर्षांत आमच्या दोघांपैकी कोणालाही असा फेस जमला नव्हता. मी ग्लास नाकाशी नेला. आधी ताज्या पावाचा वास आला, आणि त्याच्या मागून, सावकाश, मोजा.

एक घोट घेतला. गहू अप्रतिम. दुसरा घेतला. मोजा गेला नाही. मला राग आला तो त्या माणसाचा. एवढं सगळं नीट करायची काय गरज होती? तापमान चुकलं असतं, बादली नीट धुतली नसती, तर त्या गोंधळात माझे हॉप्स खपून गेले असते. याचं सगळंच बरोबर होतं, म्हणून माझं एकट्याचं चुकलेलं उघडं दिसत होतं.

भाऊ नियमाप्रमाणे तोंड फिरवून बसले होते. मी पेन घेतलं आणि लिहिलं: 'ओके. गहू उत्तम. फेस उत्तम.' खाली सही केली.

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. वाचलं. चेहरा असा उजळला की मला तिथं बसवेना. "ओके! काही खोट न काढता! लेका, पहिल्यांदा लिहिलं तू असं." मग स्वतःसाठी ओतली, रंग पाहिला, फेस पाहिला, आणि वास घेतला.

"हे काय आहे बे?"

"काय, भाऊ?"

"वास घे."

"घेतला न."

"अन् ओके लिहिलं? मोजे आहेत याच्यात. बी शिफ्टचे मोजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण संशयानं नाही, काळजीनं. "सर्दी झाली का तुले?"

"थोडी आहे," मी म्हणालो.

"बाप्पा! याले सर्दी आहे अन् मी याच्याकडून चाखून घेऊन राहिलो. चूक माहीच. आधी विचारायले पाहिजे होतं." आणि माझ्या सहीशेजारी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चाखणाऱ्यास सर्दी.'

मग चौकशी सुरू झाली. प्लांटमध्ये काही बिघडलं की बसते तशी. रबरी नळी काढून हुंगली. बादलीचं झाकण हुंगलं. बिअरसाठी त्यांनी एक जुना फ्रिज घेऊन त्याला स्वतः तापमानाचं यंत्र बसवलंय. त्या फ्रिजच्या दाराचा रबर उचकटून हुंगला. मलाही हुंगायला लावलं, आणि लगेच, "तुले काय समजणार, तुले सर्दी आहे," म्हणून माझ्या हातातून काढून घेतला. मी माझ्या न झालेल्या सर्दीनं दोनदा नाक ओढलं. मला स्वतःला एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि त्यांना दोन.

"अवं, इकडं ये. या फ्रिजमध्ये तू काही ठेवलं होतं का?"

"मी कायले ठेवू तुमच्या फ्रिजमध्ये?" वहिनी दारात आल्या.

"आठव."

वहिनींनी पदराला हात पुसले. "एक दिवस मेथी ठेवली होती. आपला फ्रिज भरला होता."

"मेथी!"

"पिशवीत बांधलेली होती."

"चार वर्षं सांगून राहिलो, या फ्रिजले हात लावू नको! चार वर्षं! दहा माणसं येणार तीस तारखेले, अन् हिनं मेथी ठेवली!"

"मेथीचा वास मोज्यासारखा येते का? मोजे मीच धुते तुमचे. कधी मेथीचा आला नाही मले."

कोणत्याही दुसऱ्या दिवशी मी हसलो असतो. "भाऊ," मी म्हणालो, "हॉप्सही असू शकतात न."

"कसे असतील?" त्यांनी रजिस्टरचं पान मागे उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे पाय. फेब्रुवारीतले. ताजे. तू दिलेले."

"लिहिलेलं चुकीचंही असू शकते."

"मी चुकीचं लिहीन?" ते खरंच दुखावले.

ह्या माणसाचं काय करावं? मी त्यांना जवळजवळ हाताला धरून माझ्या गुन्ह्यापाशी नेत होतो आणि ते तिथं बघायलाच तयार नव्हते. आपल्या यंत्रावर संशय घेतील, बायकोवर घेतील, स्वतःवर तर सगळ्यात आधी घेतील. माझ्यावर घेणार नाहीत, कारण माझं म्हणणं त्यांनी आपल्या हातानं लिहून ठेवलं होतं.

वहिनींनी फ्रिजचं दार लावून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "असन माहीच चूक. ठेवायले नव्हती पाहिजे. त्या लोकांले बाहेरून आणून पाजा."

"बाहेरची त ते रोजच पितात," भाऊ म्हणाले आणि स्टुलावर बसले. "अजून तीन आठवडे आहेत. आज उकळली असती त जमली असती. पण हॉप्स कुठून आणू आता?"

वहिनी आपल्या नसलेल्या चुकीची कबुली देऊन मोकळ्या झाल्या होत्या. मी आपल्या खऱ्या चुकीजवळ पांढरा शर्ट घालून बसलो होतो.

"भाऊ, हॉप्स माह्याजवळ आहेत," मी म्हणालो. "ताजे. फेब्रुवारीतले ते. तुमाले दिले ते मागच्या उन्हाळ्यातले होते."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माही मेथी सुटली." पण हसत नव्हत्या.

"खराब आहेत, माहीत होतं तुले?" भाऊंनी विचारलं.

"हाव."

"वास घेतला होता?"

"हाव."

"अन् मले सर्दी आहे, हे?"

"हाव, भाऊ."

"आता तुले सर्दी आहे का?"

"नाही."

मला वाटलं आता ओरडतील. मेथीवर एवढे ओरडले होते. त्यांनी रजिस्टर आपल्या मांडीवर घेतलं. "नाही म्हणायचं होतं न बे. नाही म्हटलं असतं त मी काय करणार होतो? संत्र्याची साल किसून टाकली असती." मग माझ्या शेऱ्यावर बोट ठेवलं. "हॉप्स दिले नाही, ठीक आहे. माणसाले आपलं जपावं वाटते. पण हे तू आत्ता लिहिलं. चाखून. माह्यासमोर. हे कावून लिहिलं?"

याचं उत्तर आज माझ्याकडे आहे, पण ते लहान आहे आणि लाज वाटण्यासारखं आहे. त्यांनी माझ्या सात हीट नापास केल्या होत्या. त्यांची एक तरी बिघडावी असं मला वाटलं होतं, आणि ती बिघडल्यावर ते पाहायची हिंमत मला झाली नाही.

"जा, घेऊन ये," भाऊ उठले. "पाणी ठेवतो मी तोवर."

कोहक्याला जाऊन पाकीट फ्रीजरमधून काढलं तेव्हा बायको मागे उभी होती. "जेवायच्या टायमाले काय काढून राहिले?"

"भाऊंचं आहे."

"त इतके दिवस आपल्याकडे कावून होतं?"

मी पाकीट ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि परत निघालो.

दुपारभर आम्ही त्या पडवीत उभे होतो. वरून पत्रा तापलेला, खाली गॅसवर मोठं पातेलं. भाऊ कामापुरतं बोलत होते. "ढवळ." "हो बाजूला." "मोज." पाकीट फोडल्यावर त्यांनी आधी स्वतः वास घेतला, मग ते वहिनींकडे नेलं. माझ्याकडे आणलं नाही. बादली बंद होऊन फ्रिजमध्ये गेली तेव्हा पाच वाजले होते आणि माझ्या शर्टाचा रंग सांगता आला नसता. मग त्यांनी रजिस्टर पुढे केलं. प्लांटमध्ये लिहिलेलं गिरबटून झाकत नाहीत. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. मी 'ओके'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'रिजेक्ट. हॉप्स जुने. चाखणाऱ्याने जाणूनबुजून दिलेले. चाखणाऱ्यास सर्दी नव्हती.'

भाऊंनी वाचलं. "तारीख टाक," म्हणाले.

तीस तारखेच्या आधीच्या रविवारी फोन आला. मी विहारात खीर घेतली नाही. भाऊंकडे पोचताच न सांगता अंगणात जाऊन गुळण्या केल्या. अठराव्या हीटची पहिली बाटली त्यांनी उघडली, ओतली, आणि ग्लास वहिनींच्या हातात दिला. वहिनी पीत नाहीत. त्यांनी फक्त वास घेतला, डोळे मिटून, निवांत. मग पोळपाटाशेजारी रजिस्टर ठेवून लिहिलं: 'संत्र्याची साल. ताजा पाव. चांगली आहे.' आणि चाखणाऱ्याच्या रकान्यात सही केली.

"भाऊ, मी?" मी विचारलं.

"तू पी न," भाऊ म्हणाले आणि माझ्यासाठी ओतली.

ती चांगली होती. फेस सतरावीइतका नव्हता, दोन आठवडे आणखी मिळाले असते तर आला असता. तीस तारखेला दहा माणसांनी ती पाहता पाहता संपवली. त्यातला एक म्हणाला, "दादा, सच बताओ, बाहर से मंगाई है ना?" भाऊ एवढे खूश मी कधी पाहिलेले नाहीत. मी कोपऱ्यात बाटल्या उघडत होतो. हॉप्स कोणी दिले, हे त्यांनी सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. तेवढं त्यांनी करायला नको होतं.

तेव्हापासून चाखणाऱ्याचा रकाना वहिनींचा आहे. माझ्याही हीटसाठी. मला याचा अजून राग येतो. चार वर्षं मी रंग, फेस, वास, घोट शिकलो, आणि ही बाई हातात झारा घेऊन दारातूनच नाक वर करते आणि निकाल देते. वाईट म्हणजे तो बरोबर असतो. परवा माझी तेरावी हीट नेली होती. त्यांनी ग्लास दोन वेळा फिरवला, कारण विचारायला भाऊंकडे पाहिलंही नाही, आणि लिहिलं: 'रिजेक्ट. घाई.'

मी करणाऱ्याच्या रकान्यात सही केली आणि तारीख टाकली.